लाल ठिपक्याची डबी

मित्रांनो, मी दोन झाकणांची एक जुनी पांढरी डबी आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन. माझ्या पोटात दोन वाट्या आहेत. त्यांत औषधी पाण्यात रात्रभर कॉन्टॅक्ट लेन्स झोपत.

माझा जन्म साच्यातला, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पनवेलच्या एका चष्म्याच्या दुकानातून वसुंधराने मला घरी आणले, तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. घरात ती आणि तिची आई शशिकला, दोघीच. वसूचा नंबर मोठा. लेन्स काढल्या की समोरचे माणूस तिला नुसता रंगाचा डाग दिसे. उजवी-डावी लेन्स बदलू नये म्हणून आईने माझ्या उजव्या झाकणावर नेलपॉलिशचा जाड लाल ठिपका दिला. वसू तो बोटाने चाचपून ओळखत असे.

वसू तळोज्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. तिथल्या धुराने लेन्सखाली डोळे झोंबत. म्हणून सत्त्याण्णव साली तिने लेसरचे ऑपरेशन करायचे ठरवले.

आईची इच्छा वेगळीच होती. "लहानपणापासून बघतेय. उठलीस की आधी उशाशी चाचपडतेस, मग मी दिसते. एकदा तरी डोळे उघडल्या उघडल्या माझं तोंड बघ."

"आणि घाबरले तर?"

"घाबर की! दिसलं म्हणून घाबरशील ना?"

मुंबईच्या डॉक्टरांनी बजावले होते की कडक लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलतो. तो पूर्ववत होईपर्यंत महिनाभर लेन्स घालायच्या नाहीत. मगच मापे घेता येतील. वसूने जाड चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मी फळीवर स्वस्थ बसले.

महिना सरत आला आणि कळंबोलीहून वसूला बघायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला.

"हा बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून बसणार त्यांच्यापुढे?" आई म्हणाली.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"तासाभरानं काय होतंय? घाल मुकाट्यानं."

सकाळचे पाहुणे संध्याकाळी उगवले. लेन्स दिवसभर डोळ्यांतच राहिल्या. नंतर मुलगी उंचीला कमी पडते, असा नकार आला. डोळ्यांकडे कुणी पाहिलेही नव्हते.

त्याच आठवड्यात मापे घ्यायची होती. लेन्स दाखवायला हव्या होत्या, म्हणून मीही पर्समधून गेले. मापे घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "मध्ये लेन्स घातल्या नव्हत्या ना?"

"छे हो!" वसूच्या आधी आईच म्हणाली.

डॉक्टर ऑपरेशनची तारीख लिहू लागले. आईने पदराचे टोक मुठीत धरले.

"थांबा डॉक्टर. रविवारी घातल्या होत्या. ती नको म्हणत होती, मीच घालायला लावल्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "बरं झालं सांगितलंत. चुकीच्या मापावर लेसर चालवला असता. आता पुन्हा पहिल्यापासून."

घरी येताच आईने मला रुमालात बांधून कपाटात टाकले. "आता खुद्द देव बघायला आला तरी लेन्स मिळायच्या नाहीत," ती म्हणाली. वसू हसली. त्या घरातले ते हसणे मला रुमालातूनही ऐकू आले.

ती मुदत संपण्याआधीच एके दुपारी, भाजी निवडता निवडता, आई गेली. शेवटी तिचा चेहरा वसूने त्या जाड चष्म्यातूनच पाहिला. पुढे ठरल्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. या वेळची मापे बरोबर आली.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी वसूने मला रुमालातून सोडवून पुन्हा फळीवर ठेवले. दुसऱ्या सकाळी तिला जाग आली. सवयीने हात उशाशी गेला आणि तिथेच थांबला. समोरची खाट रिकामी होती. त्या खाटेवरच्या फळीवर मी होते. एवढ्या लांबून माझा लाल ठिपका तिला पहिल्यांदाच दिसला. बराच वेळ ती तो बघत राहिली. मग उठून जवळ आली, डोळे मिटले आणि पूर्वीसारखा बोटाने चाचपला.

मित्रांनो, डोळ्यांची निगा राखा. डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगा, उशिरा का होईना, पण सांगा. त्या एका खऱ्या शब्दापायी आईची सकाळ हुकली, पण वसूचे डोळे वाचले. आता माझ्या वाट्या कोरड्या आहेत. कधी हाती आले, तर धुवा, पुसा, हवे ते ठेवा. फक्त तो ठिपका तेवढा खरवडू नका.