दगडाच्या पोटातले पाणी

मित्रांनो, मी एक जुने एमआरआय यंत्र आहे. आता माझ्यात जीव उरलेला नाही, तरी माझी कहाणी ऐका.

किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरातल्या एका इस्पितळात मी कितीतरी वर्षे माणसांचे गुडघे नि मेंदू पाहिले. नवे यंत्र आले, तशी माझी रवानगी गोदामात झाली. तिथून मला उचलले ते जिपारा नावाच्या संशोधकबाईंनी. त्या माझ्या पोटात माणसांऐवजी दगड, विटा नि काँक्रीटचे तुकडे ठेवू लागल्या. मी बिचकलोच! पण पाणी रक्तात असो की दगडात, माझ्या चुंबकाच्या हाकेला ते ओ देतेच. घट्ट दगडाच्या बारीक छिद्रांतून पाणी कसे सरकते, हे मी दगड न फोडता दाखवू लागलो.

वसंतातल्या एका सकाळी तोक्तोबेक नावाचे अभियंते धरणाच्या भिंतीतून कापलेला लांबट गोल तुकडा घेऊन आले. डोंगरावरचे बर्फ वितळत होते, धरण भरत चालले होते. नेमका त्याच सकाळी मला थंड ठेवणारा पंप बंद पडला. हिवाळाभर तो कण्हत होता. कोणी लक्ष दिले नव्हते. माझ्यातले द्रव हेलियम वाफ होऊन उडू लागले. ते संपले की माझे चुंबक विझणार होते.

जिपाराबाईंनी तुकड्यात एका टोकाने दाबून पाणी सोडले. दुसऱ्या टोकाला थेंबही आला नाही. माझ्या चित्रात मात्र डाव्या कडेने एक पांढरी रेघ पुढे सरकत होती.

“हा डाग आहे, ताई,” तोक्तोबेक म्हणाले. “तुमच्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय!”

“आणि डाग नसला तर?”

“अहो, भिंतीखालच्या गावात माझी आई राहते! धोका असता तर मी इथं चहा पीत बसलो असतो?”

“तुकडा अर्धा वळसा फिरवू. रेघ डावीकडेच राहिली, तर दोष यंत्राचा. उजवीकडे गेली, तर तुमच्या भिंतीचा.”

“पण आत्ताच बंद केलं तर यंत्र वाचेल ना?”

“वाचेल,” जिपाराबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला. मग तुकडा फिरवला.

मला भीती वाटत होती. पाण्याची ओ क्षीण येत होती. ती निसटू नये म्हणून मी सारी ताकद लावली. पडद्यावर चित्र सावकाश उमटत गेले.

रेघ उजवीकडे होती. ती तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला भिडत आली होती.

तोक्तोबेकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन उचलला. “दरवाजे उघडा, पाणी सोडा. सगळे दरवाजे! हो, मीच सांगतोय!” मग दुसरा फोन. “आई, मेंढ्या घे आणि वरच्या कुरणावर जा. चहा राहू दे गं! आधी नीघ!”

तेवढ्यात छतावरच्या नळीतून पांढरी वाफ गर्जत बाहेर पडली आणि माझे चुंबक विझले.

पाणी उतरल्यावर भिंत उकरली, तेव्हा आत हात जाईल एवढी पोकळी सापडली. गाव वाचले.

पुढे तोक्तोबेकांची आई मला पाहायला आली. माझ्यावर तळहात ठेवून तिने विचारले, “हा बरा होईल ना?” जिपाराबाईंनी मान वळवली.

मित्रांनो, नको ती बातमी सांगणाऱ्याला म्हातारा म्हणून हसू नका. एकदा खात्री करून पाहा. आणि एखादे यंत्र कण्हू लागले, तर ते मुके होण्याआधीच त्याच्याकडे लक्ष द्या.