घोटभर द्राक्षरस

कोल्हारच्या थॉमस गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला चार महिने झाले. उजवा हात-पाय आता थोडी साथ देऊ लागला होता, पण गळा अजून बेभरवशाचा. 'पातळ काही द्यायचं नाही. पावडर घालून घट्ट करा, चमच्यानं द्या आणि गिळताना हनुवटी खाली,' असं थेरपिस्टनं बजावलं होतं. एकदा पाणी फुप्फुसात गेलं आणि गुरुजी आठवडाभर दवाखान्यात पडून होते. तेव्हापासून त्यांची बायको मरियम त्यांच्या गळ्यावर नजर ठेवूनच जगत होती. स्वतः ती कधी जेवते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

भेटायला येणारे मात्र उदंड. कोणी शहाळं आणी, कोणी चहा पाजायला बघे. "घोटभरानं काय होतंय?" सल्ला द्यायला कोणाचं काय जातं!

आज तर खुद्द चर्चचे पाळकसाहेब सॅमसन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन घरी आले होते. बरोबर मंडळीतली चार माणसं. गुरुजींचीच इच्छा होती. चर्चला जाणं सुटल्यापासून ते यासाठी झुरत होते. मरियम सकाळपासून धास्तावलेली. भाकर त्यांनी नुसती हातात धरायची, एवढं ठरलं होतं. पण द्राक्षरस? तो तर पाण्यासारखा पातळ! त्यात पावडर घालू द्या, असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? सांगू, सांगू म्हणता प्रार्थना सुरू झाली आणि मग तिची जीभच रेटेना.

पाळकसाहेबांनी इवलासा पेला गुरुजींच्या ओठांकडे नेला. गुरुजींनी भक्तिभावानं मान वर केली.

"थांबा!" मरियम ओरडली आणि तिनं पाळकसाहेबांचं मनगटच धरलं.

मरियम रडकुंडीला आली होती. "माफ करा साहेब. यात पावडर घालावी लागेल. नाहीतर हे माझ्या हातचे जातील हो!"

पाळकसाहेबांनी पेला तिच्या हातात दिला. "घाला, मरियमबाई. आधी का नाही बोललात?"

तिनं पावडर ढवळली. घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळे डोळे मिटून थांबले. तिचे मात्र उघडेच. मग अर्धा चमचा रस, हनुवटी खाली, एकदा गिळणं, पुन्हा एकदा. ठसका नाही. गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेवटची प्रार्थना झाली आणि पाळकसाहेब पेले पिशवीत भरू लागले.

शेजारची रंगुबाई दारात बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "आवो साहेब, मरियमबाईचं ऱ्हायलं की! तुमी समदे गुरुजींच्या गळ्याकडं बघत हुता. हिनं घेतलं का न्हाई, कुनी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. मरियमनंही नाही. पाळकसाहेब ओशाळले. त्यांनी तिला भाकर मोडून दिली, पेला पुन्हा भरला. तिनं तो घाईघाईनं, रडतरडतच तोंडाला लावला आणि तिलाच जोराचा ठसका लागला.

रंगुबाई पाठ थोपटायला उठली. त्याआधी गुरुजींचा डावा हात पुढे आला. त्यांनी बोटांनी मरियमची हनुवटी हळूच खाली दाबली आणि ती नीट गिळेपर्यंत तिच्या गळ्यावरची नजर हलवली नाही.