शिव्यांचा उपास

माझा नवरा हैबती आणि त्याचे थोरले भाऊ दत्ताराम, यांच्यात शिवी दिल्याशिवाय बोलणंच सुरू व्हायचं नाही. दोघांची आई एकच, तरी तिचा उद्धार केल्याशिवाय कोणी कोणाला चहा विचारायचं नाही. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत साफ बोलायचं ते फक्त परक्याशी, नाहीतर तलाठ्याशी.

सत्त्याण्णव साली हैबती महाडच्या एमआयडीसीत लागला. तिथल्या एका दोस्ताबरोबर प्रार्थनेला जायला लागला, आणि मागोमाग मीही. त्याची दारू सुटली, ते येशूचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. शिव्या मात्र सुटेनात. मग त्याने शिवीच्या जागी भाजी घातली. भाऊजी बांधावर दिसले की हा ओरडायचा, "काय रे पडवळ्या, मेलास काय?" भाऊजी आधी चक्रावले, मग हसले. आवाज तोच होता, माया तीच होती. त्यांचं भागलं.

पास्टरांचं भागलं नाही. बाप्तिस्मा तोंडावर आला तेव्हा त्यांनी हैबतीला समोर बसवलं. "शब्द बदललास, मन नाही बदललंस. पडवळ्या म्हणताना तुझ्या मनात काय असतं ते देवाला कळतं."

"मग याच्या मनात भाऊ असतो, हेही कळत असेल की," मी म्हटलं.

"ताई, आपण प्रार्थना करू या," पास्टर म्हणाले. उत्तर नसलं की ते प्रार्थना करायचे.

हैबती मुळात भित्रा. त्याने पडवळही सोडलं. भाऊजी घरी आले तेव्हा हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही बरे आहात ना?"

भाऊजींचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. "रेश्मा, ह्याला सांग, मी काय पाहुणा नाय. देव बदललान, मी काय बोललो नाय. आता भाऊ पन बदलतोय?" चहा न घेता ते उठून गेले, आणि यायचेच बंद झाले. हैबतीचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला पास्टरांचा इतका राग आला, की अख्खी मंडई तोंडाशी आली होती.

बाप्तिस्म्याला आम्ही सावित्री नदीच्या डोहावर जमलो. भाऊजीही न बोलावता आले आणि लांब उभे राहिले, विडी न ओढता नुसती हातात धरून. पास्टरांनी हैबतीला पाण्यात बुडवलं आणि शेवाळावरून दोघांचेही पाय सटकले. पास्टर वर आले. हैबती आला नाही.

भाऊजींनी विडी फेकली आणि जी शिवी घातली, ती मी इथे लिहिणार नाही. तिच्यात माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांचं सगळं माहेर होतं. ती पुरी व्हायच्या आत त्यांनी उडी मारली आणि हैबतीला मानेला धरून काठावर ओढलं.

हैबतीने पाणी ओकलं, डोळे उघडले, आणि भावाचे हात धरून लहान पोरासारखा रडायला लागला. "दादा, परत घाल रे. आनखी एक घाल."

भाऊजींनी घातली. रडतच घातली.

आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या जानकीबाई डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. कोणी जोरात काही बोललं, की ती देवाची स्तुतीच असणार, असा त्यांचा विश्वास होता. "आमेन," त्या म्हणाल्या.

मीही म्हटलं.