याकारचा सुजलेला पाय

वर्म्स शहरातल्या यहुदी गल्लीत एक जुना रिवाज होता. पंचांनी कानाडोळा केला, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या सकाळी भर सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेच्या घरात, उभं राहायचं, उघडलेल्या तोरावर, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीवर, कापड टाकायचं आणि म्हणायचं, वाचन थांबवा. मग न्यायाचा शब्द मिळेपर्यंत पुढचं अक्षर कुणी वाचायचं नाही. पुरुष हे वरचेवर करत, कधी सामाईक भिंतीवरून तर कधी हरवलेल्या बोकडावरून. बाईने केलेलं मात्र कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

फ्रोमुटवरचा अन्याय गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होता. नवरा तापाने गेला, पदरी मूल नाही. अशा विधवेशी दिराने लग्न करून भावाचं घर उभारायचं अशी रीत; ते न करता तिला दुसरीकडे लग्न करायचं तर आधी दिराने मोकळं करावं लागतं. पंचांसमोर तिने त्याच्या पायातला बूट काढायचा, त्याच्यासमोर थुंकायचं, की ती सुटली. एवढंच काम. पण तिचा दीर याकार स्वतः पंचांपैकी एक, आणि त्याचा डोळा भावाच्या दारूच्या तळघरावर. तळघर नावावर कर, मग पाय पुढे करतो, असं तो तिला एकटीला गाठून सांगे. चारचौघांत मात्र त्याचा पाय सुजलेला असे. कधी थंडीने सुजे, कधी प्रवासाने. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तीन वर्षं ती सूज उतरली नव्हती आणि माणूस स्पायरच्या जत्रेला मात्र दरवर्षी जाऊन येत होता.

बायकांचं सिनेगॉग पुरुषांच्या सिनेगॉगला चिकटून नवंच बांधलं होतं. भिंतीचा चुनाही अजून नीट वाळला नव्हता. तिथे गुटलिनमावशी पुढे उभी राहून बायकांना प्रार्थना सांगे. त्या शब्बाथला फ्रोमुट तिच्या कानाशी लागली, "मावशी, मी पलीकडे जातेय."

गुटलिनमावशीने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "एवढी वर्षं कशाला थांबलीस गं?" ती म्हणाली. "जा. भिंत पातळ आहे, आम्ही ऐकतोय."

मधल्या दारातून ती आत आली तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज आपोआप अडखळला. ती थेट वाचनाच्या चौथऱ्यावर चढली आणि तोरावर कापड टाकलं.

"वाचन थांबवा," ती म्हणाली. "मला मोकळं करा."

"वहिनी, दार चुकलात," याकार पहिल्या बाकावरून म्हणाला. "बायका पलीकडे बसतात."

"दार बरोबर आहे, भाऊजी. बाकीची दारं वाजवून झाली."

गल्लीचे धर्मगुरू आणि पंचांचे प्रमुख, वयोवृद्ध राब्बी शेमाया, काठीवर रेलले. "मुली, सण तोंडावर आलाय. सणानंतर बघू ना."

"कोणत्या सणानंतर, राब्बी? सण काही संपत नाहीत, मी कुठवर थांबू?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. याकारचं तोंड लाल झालं. "बाईच्या नादाला लागून तोरा थांबवायची का?" त्याने वाचणाऱ्याला दटावलं. "काढ ते कापड. वाच."

वाचणारा गरीब स्वभावाचा. त्याने कापड बाजूला केलं आणि तोंड उघडलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडून गुटलिनमावशीचा आवाज चढला आणि सगळ्या बायकांनी तो उचलला. स्तोत्रातली एकच ओळ, संपली की पुन्हा पहिल्यापासून. वाचणाऱ्याचे ओठ हलत होते, पण शब्द त्याचे त्यालाही ऐकू येत नव्हते. त्याने कापड परत टाकलं. आपण एकटी नाही, हे फ्रोमुटला त्या भिंतीतून आज पहिल्यांदा कळलं.

याकारने राब्बींकडे पाहिलं. राब्बींनी छताकडे पाहिलं.

आता शब्बाथला चूल पेटवत नाहीत, म्हणून जेवण आदल्या दिवशीच गल्लीच्या भट्टीत ठेवतात आणि प्रार्थना संपल्याशिवाय कुणी घास घेत नाही. ऊन खिडकीतून सरकत चाललं. पोटात कावळे ओरडू लागले, तसा पुरुषांचा न्यायाचा कळवळाही वाढू लागला.

"याकार, पाय दे रे बाबा तिला," एक जण म्हणाला. "माझ्याकडे माइन्झचे पाहुणे आहेत."

"भांडं करपलं असेल एव्हाना," दुसरा कुरकुरला. "आणि बायको म्हणेल, तू काय करत होतास तिथे?"

"पाय सुजलाय माझा," याकार म्हणाला.

"सुजल्या पायाने पहिल्या बाकापर्यंत बरा पोचलास," राब्बी शेमाया म्हणाले. त्यांनाही भूक लागलीच होती. "उद्या सकाळी माझ्या अंगणात यायचं."

"नुसता शब्द नको, राब्बी," फ्रोमुट म्हणाली. "शब्दांवर मी तीन वर्षं काढली."

राब्बींनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग काठी आपटली. "उद्या हा आला नाही, तर प्रार्थनेला जे दहा पुरुष लागतात, त्यांत याला कुणी धरायचं नाही. याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही."

मगच तिने कापड उचललं. पलीकडचं गाणं लगेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. याकारच्या पायाला चामडी वाद्यांचा बूट बांधला होता आणि पाय अगदी ठणठणीत होता. फ्रोमुट गुडघ्यावर बसली. उजव्या हाताने वाद्या सोडवायला वेळ लागला. तिने बूट उपसून लांब फेकला, उभी राहिली आणि पंचांना स्वच्छ दिसेल अशी त्याच्यासमोर जमिनीवर थुंकली. भावाचं घर न उभारणाऱ्याला म्हणायचे ते शब्द तिने न अडखळता म्हटले. "बूट काढलेला," सगळे याकारला ओरडून म्हणाले, रीतीप्रमाणे. बायकांचा आवाज रीतीपेक्षा जरा मोठाच होता.

राब्बी हसून म्हणाले, "चला, मोकळी झालीस. आता लग्नाचं कधी? तुला मागणी घालणारा माइन्झचा तो सोनार की आणखी कुणी?"

"कुणीच नाही, राब्बी. मला लग्न करायचं नाहीये."

याकार एका पायावर उड्या मारत बूट शोधत होता, तो तसाच थांबला. "मग एवढा तमाशा कशासाठी केलात? नाहीतरी एकट्याच राहणार होतात."

फ्रोमुटने झग्यावरची माती झटकली. आता ती त्याची कुणी लागत नव्हती.

"नाही म्हणायचा हक्क माझा होता, याकार," ती म्हणाली. "तो तू पायात घालून हिंडत होतास."