दलदलीतल्या बेडकाची फांदी

मित्रांनो, जिन्याखाली भिंतीला टेकून उभा असलेला तो गंजका फ्रीझर पाहिलात? तो मी. आता माझ्यात झाडू आणि रिकाम्या बाटल्या कोंबतात. एके काळी मात्र मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. माझ्या पोटात कुप्यांच्या रांगा असत आणि प्रत्येक कुपीत बेडकाच्या मांसाचा इवलासा गोठवलेला तुकडा.

ते तुकडे आमच्या बाईंनी जमवले होते. गमबूट चढवून त्यांनी कितीतरी डबकी पालथी घातली होती. त्या तुकड्यांतल्या डीएनएवरून बाई बेडकांचा वंशवृक्ष मांडत होत्या. फळ्यावर झाड काढून विद्यार्थ्यांना सांगत, "शेंड्यांवर आजचे बेडूक. फांद्या फुटतात तिथे त्यांचे पूर्वज. दिसायला सारखे म्हणून सख्खे समजू नका. दोघांचा समाईक पूर्वज किती अलीकडचा, ते बघा."

"म्हणजे बाई, बेडूक माझा चुलतभाऊ?" एकीने विचारलं.

"फार लांबचा. पण नातं आहे." मग त्या गंभीर होत. "हे झाड कुणी पाहिलेलं नाही. हा आपला अंदाज. पुरावा वाढला की तो पक्का होतो, नाहीतर बदलतो."

दलदलीत सापडलेल्या एका तपकिरी बेडकाने त्यांना फार सतावलं. गणित केलं की तो कधी एका फांदीवर बसे, कधी भलत्याच. "याचा डीएनए आणखी वाचायला हवा," त्या म्हणत. तेवढ्यात दलदल बुजवून तिथे गोदामं उभी राहिली. तो बेडूक पुन्हा कुणाला दिसला नाही. उरला तो माझ्या पोटातच.

माझं यंत्र तेव्हा कण्हू लागलं होतं. धोक्याची घंटा सारखी वाजे, म्हणून वैतागून कुणीतरी तिची तार काढून टाकली. दुरुस्तीसाठी बाईंनी विभागप्रमुखांकडे खेटे घातले. "सुट्टीनंतर बघू," ते म्हणाले. सुट्टीतच मी बंद पडलो. आतला बर्फ वितळताना मला कळत होतं, पण ओरडायला आवाज नव्हता.

बाईंनी दार उघडलं तेव्हा वास सुटला होता. त्यांनी त्या तपकिरी बेडकाची कुपी उजेडात धरली. डीएनए काढूनही पाहिला, पण त्याचा भुगा झाला होता. वंशवृक्ष छापला गेला तेव्हा त्यात तो बेडूक तुटक रेषेने कुठेतरी टांगलेला होता.

"एकच तर बेडूक, बाई," विभागप्रमुख म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "तेवढाच होता."

त्यानंतर त्या कुठल्या डबक्याकडे फिरकल्या नाहीत.

मित्रांनो, मला आता दुरुस्त करू नका. जपायचं काही उरलेलं नाही. तुमच्या घरामागच्या पाण्यात अजून काही डरावत असेल, तर ते पाणी बुजू देऊ नका. माझ्या भरवशावर तर मुळीच राहू नका. जीव राखणं मला कधी येतच नव्हतं. मला फक्त थंड राहता येत होतं, आणि शेवटी तेही जमलं नाही.