डावऱ्या हाताची चीर

"हे कुणी केलं?" पुजारी होरीनं उंबराच्या खोडावरच्या चिरेला बोट लावलं. पांढरा चीक अजून ठिबकत होता.

नाखूची चिकाची वाटी मुळांआड लपवलेली होती. "मला काय ठाऊक, महाराज? एखादं वानर असेल."

"वानर सुरी घेऊन हिंडतं वाटतं?"

तीस वर्षं नाखू या देवळाची उंबरं चिरत होता. कच्च्या फळाला बारीक चीर दिली की चार दिवसांत ते गोड होतं. तेवढंच त्याचं काम. खोडाला मात्र पातं लावायचं नाही, तिथं देवळाची देवी, हाथोर माउली, राहते. तिला इजा करणाऱ्याचे नाक-कान कापतात, हे नाखूला लहानपणापासून माहीत होतं.

पण बायकोचा, मेरूतचा, पाय सडत चालला होता. वैद्यानं सांगितलं होतं, "उंबराचा चीक न् मध, पाच दिवस. नाहीतर बाई हातची जाईल." दोन दिवस नाखूनं फळांच्या देठांचा चीक पुरवला. आज झाडावरची फळंच संपली होती.

होरीनं हातातल्या नैवेद्याच्या ताटातलं, नाखूनंच चिरलेलं एक उंबर उचललं आणि खोडावरच्या चिरेशेजारी धरलं. दोन्ही चिरा एकाच बाजूला झुकलेल्या.

"गावात डावरा चिरणारा एकच आहे, नाखू."

खोड चिरताना हे नाखूच्या डोक्यातच आलं नव्हतं. हात आपल्या सवयीनं चालला होता.

"नाक घ्या महाराज, कान घ्या," तो म्हणाला. "पण दोन दिवसांनी. मलम अजून तीन वेळा लावायचंय."

"आणि माउलीला मी काय सांगू?"

"मेरूतनं तीस वर्षं तिला पाणी घातलंय. तिलाच विचारा."

होरीनं सुरीसाठी हात पुढे केला. नाखूनं ती दिली. "शिपायांना सांगावंच लागेल मला," होरी म्हणाला. "ते दुपारनंतर येतील."

तो ताट घेऊन देवळाकडे वळला. चीक ठिबकतच होता, आणि त्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

नाखूनं मुळांआडची वाटी काढून चिरेखाली धरली. तीन वेळच्या मलमापुरता चीक साचला, तशी ती डाव्या हातात घेऊन तो मेरूतकडे निघाला.