भिंतीच्या बाजूने

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, गवंडी. काम सोडलं, पण हातांची शिवशिव काही सुटली नाही. आमचं घर त्यांनी स्वतः बांधलेलं, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारावं लागतं. मी नेमबाज. क्लबच्या संघात एकच जागा रिकामी होती, तिची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि मला आदल्या दुपारी रायफलवर नवी दुर्बीण बसवायची अवदसा आठवली.

रायफल रिकामी केली, बोल्ट काढून ठेवला. टेबलावर पक्की धरून, लेव्हल लावून सरळ केली. दुर्बीण कड्यांमध्ये सैलच ठेवली, कारण आतली फुली अगदी उभी बसली पाहिजे. ती तिरकी राहिली तर जवळचा नेम लागतो आणि लांबचा बाजूला जातो. म्हणून समोरच्या खोलीत बाबांचाच ओळंबा, म्हणजे दोरीला लटकणारं वजन, टांगला. फुलीची उभी रेघ बरोब्बर दोरीवर आली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी स्वयंपाकघराकडे पळाले.

परत येते तो बाबा स्क्रू आवळून हात पुसत होते. "टाइट केलंय, सूनबाई. आता हलायचं नाव नाही."

मला भरूनच आलं. एरवी ते माझ्या रायफलला खेळणं म्हणतात.

सकाळी बाबाही बरोबर आले, बघू तरी म्हणून. पन्नास मीटरवर माझ्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेल्या. मग शंभर मीटर. दुर्बिणीवरची चकती फिरवून नेम वर घेतला आणि सरावाची पहिली गोळी गेली उजवीकडे. दुसरीही उजवीकडे. वाऱ्याला दोष द्यावा तर झेंडा मेल्यासारखा लोंबत होता. मागे पाहिलं तर बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"बाबा, काल तुम्ही दुर्बीण फिरवलीत?"

"फिरवली नाही, सरळ केली. भिंतीच्या कडेला रेघ लावून."

"ओळंबा होता ना समोर!"

"तो वाऱ्याने हलत होता. भिंत हलते का कधी?"

"खिडक्या बंद होत्या!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या नेमबाजाची गोळी चुकली.

प्रशिक्षक बाई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, घर बाबांनीच बांधल्याचंही. त्यांचा नियम साधा: कुणाच्या हातून जुळवणी बिघडली असेल तर ती सुधारायला दहा मिनिटं मिळतील, दुर्बीणच खराब असेल तर पुढच्या हंगामात या. त्यांनी बाबांना विचारलं, "भिंत तुम्हीच बांधलीत ना? मग ती सरळच असणार. म्हणजे दुर्बीणच खराब, नाही का?"

मी देवाचा धावा करत होते. घराबद्दल वाकडा शब्द त्यांनी उभ्या जन्मात कुणाकडून ऐकून घेतला नव्हता, सासूबाईंकडूनसुद्धा.

"दुर्बीण चांगली आहे," ते पुटपुटले. "भिंत वाकडी आहे."

"काय म्हणालात?"

"भिंत वाकडी आहे!" आता ते ओरडले. सगळं मैदान वळून बघायला लागलं. "मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून तर तिथे कपाट ठेवलंय. पण कड दिसते ना वरून! दुर्बिणीत ती तिरकी दिसली, मला बघवेना!"

मला हसावं की रडावं कळेना. बाबांनी खाली बसून बुटाची नाडी काढली, तिला दगड बांधला आणि पलीकडच्या खांबाला लटकवली. मी लेव्हल लावली, स्क्रू सैल केले, फुली नाडीवर आणली आणि पुन्हा आवळले. दोन गोळ्यांत नेम जुळला. मोजायची पहिली गोळी गेली ती थेट मधोमध, आणि बाकीच्याही तिच्या मागोमाग. जागा मला मिळाली.

आनंदाने मागे वळले, तर बाबा एका पायातला सैल बूट सावरत, वहीत निकाल लिहिणाऱ्या प्रशिक्षक बाईंना अडवून उभे होते.

"बाकीच्या तीन भिंती सरळ आहेत हं," ते सांगत होते. "तेही लिहा."